फँटसी फुटबॉल: ड्राफ्टसाठी आपल्या लीगची चीट शीट

फँटसी फुटबॉलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतात आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळतात. ड्राफ्ट म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणे, चीट शीट म्हणजे त्यासाठीची क्रमवार यादी. तयार यादी छापण्याआधी लीगचे गुणांकन वाचा. झेललेल्या प्रत्येक पासला १ गुण, म्हणजे पीपीआर असेल, तर ८० पास झेलणाऱ्या रिसीव्हरला साध्या लीगपेक्षा ८० गुण जास्त मिळतात. यादी दुसऱ्या गुणांकनावर बेतलेली असली की सगळा क्रमच चुकतो.

स्प्रेडशीटमध्ये खेळाडूंचे अंदाजित आकडे आपल्या नियमांनी गुणांत बदला. नुसती बेरीज फसवते, कारण क्वार्टरबॅक (पास फेकणारे) यादीच्या वरच्या टोकाला गोळा होतात. १२ संघ प्रत्येकी २ रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) खेळवत असतील, तर २४व्याचे गुण प्रत्येक रनिंग बॅकमधून वजा करा. एकच क्वार्टरबॅक खेळत असेल, तर १२व्याचे. उरलेल्या फरकावर क्रम लावा.

गुण एकदम घसरतात तिथे जाड रेघ ओढा. रेघांमधले हे गट क्रमांकापेक्षा मोलाचे! स्नेक ड्राफ्टमध्ये (दर फेरीत पाळीचा क्रम उलटतो) १२ संघांत तिसरी जागा मिळाली, तर तुमची पाळी ३, २२, २७, ४६ला. २२ आणि २७च्या मध्ये चारच खेळाडू जातात, २७नंतर मात्र १८. म्हणून संपत आलेल्या गटातला खेळाडू २७ला घ्याच.

बाय वीक (खेळाडूच्या संघाचा सामना नसलेला आठवडा) आणि दुखापत शेजारच्या रकान्यात. किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) शेवटच्या फेरीत.