कंपनी वेगाने वाढत असताना निर्णय कसे सोपवावेत

दहा माणसांच्या कंपनीत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या मोजल्या तर त्या ४५ भरतात. माणसे पन्नास झाली की त्याच जोड्या १,२२५ होतात. एका खोलीत बसून जे सगळ्यांना आपोआप कळत होते ते मग कुणालाच धड कळत नाही, आणि धास्तावलेला प्रमुख प्रत्येक कागद स्वतःकडे मागवू लागतो. वाढ अडते ती बहुतेक वेळा तिथेच.

म्हणून सुरुवात स्वतःच्या टेबलापासून करावी. सलग दोन आठवडे मंजुरीसाठी आलेली प्रत्येक गोष्ट वहीत टिपावी: कुणाकडून आली, किती दिवस पडून राहिली आणि आपण तिच्यात नेमका काय बदल केला. मी ही वही पहिल्यांदा ठेवली तेव्हा एक कोटेशन माझ्या सहीसाठी चार दिवस पडून असल्याचे दिसले. मी एकाही आकड्याला हात न लावता त्यावर सही केली, आणि तोवर ग्राहकाने दुसरीकडे ऑर्डर देऊन टाकली होती. ते कोटेशन रात्री उशिरापर्यंत बसून तयार करणाऱ्या सहकाऱ्याला हे सांगणे मला फार जड गेले. ‘बदल’ या रकान्यात ज्यांच्यापुढे वारंवार काहीच लिहिलेले नसते, ते निर्णय सर्वांत आधी सोपवावेत.

उरलेल्यांची विभागणी करताना अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१५ या वर्षाच्या भागधारक-पत्रात मांडलेला भेद उपयोगी पडतो: काही दारांतून बाहेर पडल्यावर मागे फिरता येत नाही, काहींतून येता येते. मागे फिरता येण्याजोगे निर्णय कामाच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाकडे द्यावेत, आणि तेही लेखी द्यावेत: निर्णय कोणाचा, खर्चाची मर्यादा किती, आधी कोणाला विचारायचे, नंतर कोणाला कळवायचे. तोंडी दिलेला अधिकार पहिल्या चुकीबरोबर परत घेतला जातो, हे लोक पक्के ओळखून असतात. त्यामुळे सोपवलेला निर्णय आपल्याला पटला नाही तरी नुकसान पेलण्याजोगे असेल तोवर तो फिरवू नये. त्या व्यक्तीशी एकांतात बोलावे, चारचौघांत नव्हे.

रोख रकमेवरची नजर मात्र कधीही सोडू नये. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतात आणि पगार दर महिन्याला द्यावे लागतात, तेव्हा प्रत्येक नवी ऑर्डर आधी पैसा खाते. नफ्यात असलेली कंपनीही अशा वेळी अडचणीत येते. पुढच्या १३ आठवड्यांच्या जमाखर्चाचा अंदाज दर आठवड्याला प्रमुखाने स्वतः पाहावा.

माणसे दुप्पट झाली की ती वही पुन्हा काढावी आणि या वेळी ज्यांच्याकडे निर्णय सोपवले त्यांनाही ती ठेवायला सांगावी, कारण एव्हाना त्यांच्या टेबलावर कागद साचू लागलेले असतात.