बार्टोकचा चौथा क्वार्टेट: सुरुवात मधून करा

सवाई गंधर्व महोत्सव ऐकत वाढलेल्या पुणेकराला मोझार्ट फारसा जड जात नाही. चाल कानात राहते, तेवढ्या आधारावर पुढे सरकता येतं. अडतं ते विसाव्या शतकात आल्यावर. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकचा चौथा स्ट्रिंग क्वार्टेट (1928) लावला, की पहिल्या मिनिटातच प्रश्न येतो: "यात चाल कुठंय?" प्रश्न रास्त आहे. कोथरूडला आमच्या घरी अधूनमधून श्रवणबैठक भरते, तिथे नव्या माणसाला मी आता एकच सांगते: पहिल्या भागापासून ऐकू नका, तिसऱ्यापासून ऐका.

हा सल्ला मनमानी नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांची ही रचना पाच भागांची आहे. मधला संथ भाग हा गाभा आणि बाकीचे भाग त्याभोवतीचे थर, असं खुद्द बार्टोकनंच तिचं वर्णन केलं आहे. पहिला आणि पाचवा जोडीचे, दुसरा आणि चौथा जोडीचे.

तर तिसरा भाग. तिघं वादक एकेक करून स्वर धरतात आणि त्या स्थिर स्वरसमूहावर चेलो एकटा बोलू लागतो. बोलू लागतो असंच म्हणायला हवं, कारण लय मोजून दिलेली वाटत नाही. विलंबित आलापीची सवय असलेल्या कानाला इथे लगेच जागा मिळते. पण मागचे स्वर म्हणजे तानपुरा नव्हे. ते बदलतात, आणि ते बदलले की चेलोच्या पायाखालची जमीनच बदलते. धरलेल्या स्वरांत आणखी एक बारकावा आहे: आधी ते कंपाशिवाय, सपाट येतात आणि मग त्यांत कंप येतो. बैठकीत हे सगळ्यात आधी टिपलं ते आयुष्यभर किराणा घराण्याचं गाणं ऐकलेल्या एका काकूंनी. "सूर आधी नुसता लावला, मग हलवला," त्या म्हणाल्या. स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या लिखित स्वरलिपीत, अगदी तशाच सूचना लिहिलेल्या आहेत! पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नसलं तर आपल्याला हे ऐकायचा हक्क नाही, असं मानणाऱ्यांनी या काकूंना जरूर आठवावं. पुढे चेलो थांबतो आणि पहिल्या व्हायोलिनवर रात्रीच्या पाखरांसारखे तुटक आवाज उमटतात. हा भाग पाचसहा मिनिटांचाच आहे. दोनतीन दिवस नुसता तेवढाच ऐका.

मग एक पाऊल बाहेर: दुसरा आणि चौथा. दुसरा अतिद्रुत आहे आणि तो पूर्ण म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून वाजतो. चौथ्यात गज हातातच घेत नाहीत, सगळं बोटांनी छेडायचं. मधूनच तार इतकी जोरात ओढून सोडतात की ती पट्टीवर आपटून कडाडते. या छेडीला आज बार्टोकचंच नाव आहे. दोन्ही भाग लागोपाठ ऐकले तर नातं कळतं. दुसऱ्यात अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खेटून चढणारा आकृतिबंध चौथ्यात मोकळ्या अंतरांनी पसरतो.

आता पहिला. इथे चाल शोधूच नका, सहा स्वरांचा एक तुकडा पकडा. तो सातव्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या सातव्या गटात, चेलोवर येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध ऋषभ आणि त्याच वाटेनं परत खाली शुद्ध निषादापर्यंत. ललतातले दोन मध्यम ज्यांनी मन लावून ऐकले आहेत, त्यांना ही खेटाखेट परकी वाटणार नाही. पुढे जे घडतं ते या तुकड्याचंच: तो उलटतो, ताणला जातो, एका वाद्यानं उचलला की दुसरं त्याच्या मागोमाग धावतं. पहिला भाग याच तुकड्यावर संपतो. पाचवा भाग रांगड्या नाचाचा आहे. 1906च्या सुमारास फोनोग्राफ घेऊन खेड्यांत गाणी गोळा करणारा बार्टोक तिथे भेटतो. आणि शेवटी पुन्हा तोच तुकडा, पूर्ण जोरात. तो ओळखू आला की मला दरवेळी शहारा येतो.

ध्वनिमुद्रणांत टाकाच क्वार्टेटचं मला फार आवडतं. बुडापेस्टमध्ये 1975 साली उभ्या राहिलेल्या या चौकडीत त्या मातीचा ठेका आहे. पण पहिल्यांदा शक्यतो चित्रफीत पाहा. तुकडा कोणाकडून कोणाकडे गेला हे हात पाहिले की पटकन कळतं. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो हरवतो, तेव्हा हेडफोन लावाच. कॅम्पातल्या माझदा हॉलसारख्या ठिकाणी कधी एखादी चौकडी वाजवणार असेल, तर रचना कुठलीही असो, पुढच्या रांगेत बसा. गज तारेवर घासतो तो आवाजही संगीताचाच भाग असतो.

हा मुरला की पाचवा क्वार्टेट (1934) घ्या. त्यातही पाच भाग आणि तशीच जोड्यांची कमान, फक्त मध्यभागी संथ भागाऐवजी बल्गेरियन ठेक्याचं स्केर्त्झो, म्हणजे खेळकर द्रुत भाग, आहे: नऊ मात्रा, चार-दोन-तीन अशा विभागलेल्या. ओळखीतल्या तबलजींना तेव्हा नक्की बोलवा.