कॉमिक्स लिहायचंय? आधी सोळा पानांचा विनोदी अंक काढा

दर दिवाळीच्या आसपास कोणी ना कोणी विचारतंच, कॉमिक्सचा लेखक व्हायचंय पण चित्र काढता येत नाही, चालेल का. चालेल, एकदम चालेल. पण दादरच्या एका विनोदी दिवाळी अंकात नऊ वर्षं मजकूर निवडल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, की कॉमिक्स लिहायला शिकायचं तर आधी संपादक व्हा. म्हणजे नोकरी शोधा असं नाही म्हणत, स्वतःचा छोटा अंक काढा, त्यात दुसऱ्यांचे विनोद मागवा, वाचा, कापा, परत पाठवा. दुसऱ्याचा विनोद नेमका कुठे पडला हे शंभरदा बघितलं की आपला कुठे पडतोय ते आपोआप दिसायला लागतं.

मोठ्या माणसांचं कामही असंच दुहेरी होतं बघा. आपल्या मुंबईत अनंत पैंनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली आणि १९८० मध्ये टिंकल, ते लिहीतही होते आणि संपादनही करत होते. टिंकलमधल्या भोळसट सुपंडीचं बीज एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टीत होतं, संपादकीय टेबलावर कोणीतरी ते ओळखलं आणि राम वाईरकरांनी त्याला चेहरा दिला, म्हणून तो आज आपल्याला माहितीय. तिकडे न्यूयॉर्कला हार्वी कुर्ट्झमनने १९५२ मध्ये मॅड हे विनोदी नियतकालिक सुरू केलं, आधी ते कॉमिक बुक होतं, १९५५ च्या २४ व्या अंकापासून मासिक झालं, आणि हा माणूस नुसती गोष्ट लिहून थांबायचा नाही, पानाचं कच्चं रेखाटन स्वतः करून चित्रकाराला द्यायचा, कोण कुठे उभा, संवादाचा फुगा कुठे, सगळं. तुम्हीही तेच करा, काडीची माणसं काढलीत तरी चालतील, चित्रकाराला फक्त जागा कळली पाहिजे.

वाचायचं काय, तर जुने अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी मुंबईतून मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा एवढा माल मराठीत पडलाय की दुसरीकडे बघायची गरज नाही. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे एक रविवार घालवा. मधुकर पाटकरांचा 'आवाज' हा विनोदी दिवाळी अंक मिळाला तर त्यातली खिडकीचित्रं नीट बघा. पानाला भोक, त्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो आणि आपण भलतंच काहीतरी समजतो, मग पान उलटलं की खरं चित्र. लोक चावटपणाबद्दल बोलतात, मी म्हणेन रचना बघा, कारण वाचकाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं हा कॉमिक्सच्या लेखकाचा रोजचा प्रश्न आहे. मार्मिकचे १९६० नंतरचे अंक दिसले तर तेही चाळा, व्यंगचित्रांवर उभं असलेलं साप्ताहिक कसं असतं ते कळेल.

आता लिहायचं कसं. एक उदाहरण देतो. विरार लोकल, सीटवर तिघं बसलेत, चौथा विचारतो. पहिल्या खर्ड्यात सगळे असंच लिहितात: "अहो काका, जरा सरकता का, मला पण बसायचंय," मग काकांचं उत्तर, मग खिडकीतला ओरडतो "अरे बापरे, मी चिरडलो!" सहा फुगे झाले आणि हसू नाही आलं. हेच तीन चौकटींत करा. पहिलीत चौथा उभा, फुगा फक्त "जरा सरकता?" दुसरीत तिघंही एकेक इंच सरकलेत, चौथा टेकलाय, चेहऱ्यावर समाधान, फुगा नाही. तिसरी चौकट बाहेरून, प्लॅटफॉर्मवरून, खिडकीवाला काचेला चिकटून अगदी पोस्टर झालाय, शब्द एकही नाही. "चिरडलो" का कापला, तर चित्र तेच सांगतंय. चित्रात दिसतं ते फुग्यात सांगायचं नाही, एवढा नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. माझा हिशोब असा, पानाला चार ते सहा चौकटी, एका फुग्यात १२-१५ शब्दांच्या वर नाही.

पात्र बनवताना स्वभाव लिहिण्याआधी एक खूण ठरवा. वसंत हळबेंनी रंगवलेला टिंकलमधला शिकारी शंभू आठवा, टोपीखाली झाकलेले डोळे, नुसती सावली काढली तरी पोरं ओळखतील.

पान उलटण्याचा वापर करायला शिका, याकडे नवीन लोकांचं लक्षच नसतं. उजव्या हाताची पानं विषम असतात, म्हणजे प्रश्न, दार उघडणं, "अरे हे काय!" वगैरे ३, ५, ७ च्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि धक्का ४, ६, ८ च्या पहिल्या चौकटीत. समोरासमोरच्या पानांवर ठेवलंत तर वाचकाची नजर आधीच उजवीकडे जाऊन शेवट बघून येते, मग मेहनत वाया.

अक्षरांबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे मराठी कॉमिक्स फार मार खातं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की दुसऱ्या ओळीचा रफार पहिल्या ओळीच्या उकारात घुसतो. म्हणून आधी अक्षरं लावून घ्या, मग फुग्याची रेघ मारा. फाँट फुकट आणि चांगले आहेत, मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा बालू आहे, हाताने लिहिल्यासारखा कलम आहे. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर चालू करा. आणि श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर छापण्याआधी डोळ्याखालून घालाच.

आता अंक. ए-४ चे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं, मध्ये पिना मारायच्या. बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५, तसंच आत. ५० प्रतींना २०० कागद, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे संध्याकाळभरात होतं. सोळापैकी स्वतःची चारच पानं ठेवा, बाकी दुसऱ्यांची. दिवाळीला काढायचा असेल तर जूनमध्ये लोकांना सांगा आणि गणपतीच्या आधी मजकूर हातात घ्या, कारण गणपतीत चित्रकार सापडत नाहीत. मजकूर परत पाठवताना फोन करा आणि नेमकी ओळ सांगा, "तिसरी चौकट काढली तर जमेल." नुसतं "नाही आवडलं" म्हटलेला माणूस पुन्हा पाठवत नाही, आणि तुमचा पुढच्या वर्षीचा सगळ्यात चांगला लेखक तोच असू शकतो.

पैशाचं खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं नोकरी सोडू नका. जाहिरातीचं, शैक्षणिक पुस्तकांचं, अ‍ॅनिमेशनच्या स्क्रिप्टचं काम घ्या, चौकटीत विचार करायची सवय तिथेही लागते.

हक्काचा कागद मात्र पहिल्या दिवसापासून. माझं एक पात्र मी तोंडी बोलण्यावर एका प्रकाशनाला दिलं, चार वर्षांनी ते वह्यांच्या कव्हरवर दिसलं आणि माझं नाव कुठेच नव्हतं, अजूनही दुकानात ती वही दिसली की पोटात ढवळतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला देणं लेखीच लागतं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. त्यामुळे पात्र, गोष्ट आणि वस्तूंवर छापायचा हक्क हे तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या, चित्रकाराचं नावही त्यातच, आणि सही झाल्याशिवाय फायनल फाइल पाठवू नका.

अंक दोन-तीनदा काढून झाला आणि नियमित चालवायचं ठरलं की नोंदणी. १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झालाय आणि प्रेस सेवा पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज होतो, त्यात शीर्षक मंजूर करून घ्यावं लागतं. तीन-चार नावं तयार ठेवून बसा, आपल्याला सुचलेलं पहिलं नाव बहुतेक वेळा आधीच कुणीतरी घेतलेलं असतं.