जुना छोटा हत्ती घेताय? मग इंजिन असं पारखून घ्या

कोल्हापुरात नवीन धंदा चालू करणारा पोरगा पहिली गाडी म्हणून बहुतेक वेळा जुना छोटा हत्तीच बघतो, म्हणजे टाटा एस. भाजी, गूळ, पाण्याचे जार, मंडपाचं सामान, काहीही भरा, गल्लीबोळातनं जातो आणि डिझेल बेतानं पितो. पण घेताना लोक बघतात काय, तर टायर, कलर आणि किलोमीटर. किलोमीटरवर तर अजिबात जाऊ नका, जुन्या गाडीचं मीटर कधी बंद पडलेलं असतं, कधी बदललेलं असतं, आणि खरं सांगायचं तर या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरवर ठरतच नाही, त्यानं किती वजन ओढलंय आणि ते किती वेळा तापलंय यावर ठरतं. खाली जे सांगतोय ते सगळं या दोन गोष्टींच्या खुणा शोधायच्या कशा एवढंच आहे. बहुतेक तपासण्या तुम्ही स्वतः करू शकता, एखाददुसऱ्यासाठी मिस्त्री लागेल.

पहिल्यांदा इंजिन कोणतं आहे ते बघा

गाडी बघायच्या आधी आरसी मागा आणि त्यावर इंजिनाची सीसी ७०२ आहे का बघा. कारण एस या नावाखाली बऱ्याच गाड्या आल्या. एस झिपला ६११ सीसीचा एकच सिलिंडर, मेगाला ८०० सीसीच्या आसपासचं ४० हॉर्सपॉवरचं वेगळंच इंजिन, सुपर एसला १.४ लिटरचं टर्बो. त्यांचे पार्ट वेगळे, दुखणी वेगळी. आपण बोलतोय ते मे २००५ ला पहिल्या एसबरोबर आलेलं ७०२ सीसीचं, म्हणजे २७५ आयडीआय.

हे इंजिन म्हणजे इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेलचं बरोबर अर्धं. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७९.५, तिथं चार सिलिंडर होते, इथं दोन. ताकद १६ हॉर्सपॉवर ३२०० आरपीएमला आणि टॉर्क ३८ न्यूटन मीटरच्या आसपास. टर्बो नाही, कॉमन रेलचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन नाही. लोड पाऊण टन. मला विचाराल तर शहरातल्या कामासाठी एवढं साधं आणि दुरुस्तीला सोपं इंजिन दुसरं मिळणं अवघड, गल्लीतला मिस्त्रीसुद्धा याला उघडून बसवतो.

पण आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) म्हणजे काय ते समजून घ्या, कारण याचं सगळं दुखणं तिथंच आहे. यात इंजेक्टर डिझेल सरळ पिस्टनवर मारत नाही, हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) एक छोटी खोली असते तिच्यात मारतो, तिथं ते पेटतं आणि मग जाळ खाली सिलिंडरमध्ये येतो. यानं इंजिनाचा खडखडाट कमी होतो, इंजेक्टरला प्रेशरही कमी लागतं. पण त्या खोलीमुळं भरपूर उष्णता हेडमध्ये उतरते, म्हणजे कूलिंगमध्ये जरा जरी गडबड झाली की पहिला मार हेडला आणि हेड गॅस्केटला, म्हणजे हेडच्या खालच्या सीलला, बसतो. त्यात १६ हॉर्सपॉवरच्या गाडीत दीड-दोन टन भरून घाट चढवणारे आपल्याकडं कमी नाहीत.

गाडी सकाळी आणि थंडच बघायची

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा की मी सकाळी लवकर येतो, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गेल्यावर सीट उचला, इंजिन सीटच्या खालीच आहे, आणि हात लावून बघा. कोमट लागलं तर समजा आधीच चालू करून ठेवलीय, आणि का चालू करून ठेवली हा प्रश्न विचारायला लाजू नका.

मग चावी फिरवून हीटर प्लगचा (थंड इंजिन उठवायला आतली खोली तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा आणि स्टार्टर मारा. धड इंजिन दोन-चार फेऱ्यांत उठतं. लई वेळ रगडावं लागत असेल तर हीटर प्लग गेलेले असतील, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, उतरलेलं असेल. प्लग स्वस्तात बदलतो, कॉम्प्रेशन म्हणजे इंजिन काम. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नका, मिनिटभरात जायला पाहिजे. गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. काळा धूर लोडवर थोडा येणारच, पण रिकाम्या गाडीला भकाभक काळा येत असेल तर इंजेक्टर आणि एअर फिल्टर बघावे लागतील.

दोन सिलिंडरचं इंजिन हलणारच, त्याचा बाऊ करू नका. फक्त हलण्यात एक ठेका पाहिजे. मधेच चुकतोय असं वाटलं की एक सिलिंडर आजारी आहे, आणि दोनातला एक आजारी म्हणजे अर्धं इंजिन गेलं.

पाण्यात बोट घालून बघा

ही तपासणी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. गाडी पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना उघडलंत तर तोंड भाजेल. आत काय आहे बघा. नीट रंगीत कूलंट असेल तर मालकानं गाडी सांभाळलीय. गंजासारखं तांबडं पाणी असेल तर नुसतं नळाचं पाणी भरत आलेत. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय पक्का. आणि बोट आत घालून झाकणाच्या खालची कड पुसून बघा. बोटाला पिवळसर चिकट गाळ लागला आणि हळदीचा वास आला तर ओळखा की रेडिएटर गळत होता आणि हळद टाकून बुजवलाय. हा जुगाड सगळीकडं चालतो, गळती थांबतेही, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि चढावर गाडी तापायला लागते.

आता झाकण बाजूलाच ठेवून इंजिन चालू करा आणि पाण्याकडं बघत राहा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतील, पण सारखे बुडबुडे येत असतील, रेस केल्यावर पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हेड उतरवावं लागणार हे धरूनच पुढचं बोला.

झाकण लावल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून ठेवा. होज काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम झाली तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह) आहे आणि चालतोय. इंजिनाबरोबर पहिल्यापासनंच हळूहळू गरम होत गेली तर कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलाय. आपल्याकडं लई जण काढतात, गाडी थंड राहते म्हणून. पण थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं, सिलिंडर झिजतो. शिवाय तो काढायची वेळ का आली, म्हणजे गाडी आधी तापत होती का, हे विचारायलाच पाहिजे.

ऑइल आणि बॅक कॉम्प्रेशन

ऑइल मोजायची दांडी काढून बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्यात काही नाही. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल तर एकतर जास्त भरलंय, नाहीतर पाणी किंवा डिझेल खाली उतरतंय.

मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि आतनं फकफक धूर यायला लागला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा आणि बोअर झिजलेत. इथं मालकाला सरळ विचारा, बोअर स्टँडर्ड, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचा, आहे का आधी काम झालंय, आणि झालं असेल तर मशीन शॉपचं बिल दाखवा म्हणा. काम झालेलं इंजिन वाईट नसतं, उलट शिवाजी उद्यमनगरात नीट बोअर मारून, हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट) करून बसवलेलं इंजिन झिजलेल्या स्टँडर्डपेक्षा कधीही चांगलं. बिल नसेल तर मात्र पैसे स्टँडर्ड झिजलेल्याचेच द्या.

टायमिंग बेल्टचं एकच सांगतो. कधी बदलला याचा पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असं धरा आणि गाडी घरी आणल्या आणल्या टेन्शनरसकट बदला. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला मारतो.

पुरातली गाडी ओळखा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चिखली, आंबेवाडी, व्हीनस कॉर्नर, सगळा शिरोळ तालुका. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, रंगवून पुढं विकल्या गेल्या, म्हणून एमएच ०९ ची त्याआधीची गाडी असली की हे बघायचंच. सीटच्या खालचे नट, डॅशबोर्डच्या मागची वायरिंग, हेडलाइटची आतली बाजू, एअर फिल्टरचा डबा. नदीचा बारीक गाळ कोपऱ्यात सुकून बसलेला असतो, तो सर्व्हिसिंगला निघत नाही. कनेक्टर उघडले तर आत हिरवा गंज दिसतो.

नुसती उभी बुडालेली गाडी परवडते, पाणी आत असताना स्टार्टर मारलेली परवडत नाही. पाणी दबत नाही, त्यामुळं कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन पूर्ण वरपर्यंत येत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं. गाडी चालते, पण रॉड कधी दगा देईल ते सांगता येत नाही. संशय आला तर मिस्त्रीकडनं दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजून घ्या. दोन्हींच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सौदा सोडा.

लोड टाकून चढावर न्या

रिकाम्या गाडीची ट्रायल काही कामाची नाही. पाऊण टनापर्यंत माल भरा, स्वतःचा नसेल तर ओळखीच्या व्यापाऱ्याचा घ्या, आणि केर्लीवरनं जोतिबाच्या रस्त्याला घाला, नाहीतर पन्हाळ्याकडं वाघबीळ चढवा. वेगाकडं बघू नका, दुसऱ्या गिअरवर सावकाशच चढणार. टेम्परेचरचा काटा बघा. मध्यावर येऊन थांबला तर कूलिंग शाबूत आहे. वर सरकतच राहिला तर तिथंच थांबा, मिनिटभर आयडलवर ठेवा, आणि रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होतो का बघा. काही गाड्यांत तो डायरेक्ट वायर टाकून सतत चालू ठेवलेला असतो, म्हणजे स्विच किंवा सेन्सर गेलाय.

रोज आंबा घाट उतरून रत्नागिरीला माल न्यायचा असेल तर मात्र ही गाडी घेऊच नका, कितीही चांगली मिळू दे. त्या कामाला टाटा ४०७ किंवा मोठा पिकअप पाहिजे. शहर, मार्केट यार्ड, कागल, हुपरी, जयसिंगपूर एवढ्यात फिरणार असाल तर ही गाडी पोट भरते. कागदांत फिटनेसची तारीख बघा, आठ वर्षांवरच्या माल गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, तो खर्च किमतीत धरा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर बदला, ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेडचं चालतं. डिझेल फिल्टरमधलं पाणी अधूनमधून काढत चला, पावसाळ्यात तर नक्की. इंजेक्टर पंप-नोझलवाल्याकडं टेस्ट करून घ्या. जुनं पाणी पूर्ण काढून रेडिएटर फ्लश करा, थर्मोस्टॅट नसेल तर बसवा आणि कूलंट भरा. मग कूलंटच्या बाटलीवर लेव्हलला मार्करनं रेघ मारा आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी थंड गाडीवर बघा. खाली गळती दिसत नाही आणि तरी लेव्हल रेघेच्या खाली जातेय असं झालं, तर त्या दिवशी माल भरू नका, गाडी सरळ मिस्त्रीकडं न्या, कारण त्या टप्प्यावर गॅस्केटवर भागतं, नंतर हेडचं काम निघतं.