वाढीव पगारी प्रसूती रजा मागताना: अर्ज, हिशेब आणि वाटाघाट

कायद्यातली २६ आठवड्यांची रजा ऐकायला सहा महिन्यांची वाटते, पण ते सहा महिने बाळाच्या वाट्याला येतीलच असं नाही. प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात आणि ते याच २६ मधून वजा होतात. आठही आधी गेले, तर उरतात १८, म्हणजे चार महिन्यांहून थोडे जास्त. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायला सांगते. म्हणून ‘जास्त रजा हवी’ असं मोघम मागू नका. ‘प्रसूतीनंतर पूर्ण २६ आठवडे पगारी मिळावेत’ असं मागा. वाद फार तर ८ आठवड्यांपुरता राहतो आणि त्याला कारणही भक्कम आहे.

त्याआधी हक्काचं सगळं पदरात पाडून घ्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली १२ चे २६ आठवडे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. दोन हयात मुलं असतील, तर मात्र १२ च आठवडे मिळतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पगारी सुट्ट्या त्यात धरतात, बिनपगारी रजा नाही. नोकरीत नवीन असाल आणि उलट्यांमुळे सारखी रजा पडत असेल, तर हे दिवस आत्ताच मोजून ठेवा.

आणखी एक महिना अनेकींना ठाऊकच नसतो. गरोदरपणामुळे, बाळंतपणामुळे किंवा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आजारपण आलं, तर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा मिळते. डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं ‘विश्रांतीची गरज’ असेल, तर अर्ज अडतो. आजार कशामुळे आला, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.

अर्ज पाचव्या महिन्यात द्या. सातव्या-आठव्यात दिला, तर बदली माणसाची सोय करायला वेळ उरत नाही आणि नकाराला तेच कारण पुरतं. अर्ज एचआरला ईमेलने पाठवा, साहेबांना प्रत द्या. त्यात अपेक्षित तारीख, रजा सुरू होण्याचा दिवस, कायद्याचे आठवडे वेगळे, वाढीव आठवडे वेगळे आणि काम कोणाकडे सोपवणार हे लिहा. ‘बघू, होईल’ या तोंडी होकारावर विसंबू नका. साहेब बदलले की तो होकारही जातो. वाढीव आठवड्यांच्या बदल्यात साठलेली अर्जित रजा वळती करणार नाही, हेही लेखी घ्या.

मग पैशांचा हिशेब. महिना ४०,००० पगार असेल, तर ८ आठवड्यांचे सुमारे ७४,००० रुपये होतात. त्याशेजारी तुम्ही नोकरी सोडल्यास येणारा खर्च मांडा: भरतीचं शुल्क, नवा माणूस तयार होईपर्यंतचे महिने, तोवर अडलेलं काम. आकडे तुमच्याच कार्यालयातले हवेत, ऐकीव आकड्यांवर कोणी सही करत नाही. पगार २१,००० च्या आत असून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल, तर पहिल्या २६ आठवड्यांचा भार त्या विम्याचं महामंडळ उचलतं. मालकाकडे फक्त वरचे ८ मागायचे आहेत, हे ठळक लिहा.

‘मग आम्ही बायकांना नोकरीच देणार नाही’ हे ऐकावं लागेल. ही भीती खरी आहे, कारण विम्याबाहेरच्या बाईच्या रजेचा सगळा पगार एकट्या मालकावर पडतो. आमच्या मते उपाय रजा कापण्यात नाही, विम्यासारखा सामाईक निधी सगळ्या पगारांपर्यंत नेण्यात आहे. संघटनेमार्फत सरकारकडे हेच मागा. कंपनीकडे मागताना बापांच्या पगारी रजेचीही मागणी जोडा, म्हणजे बाळाचा भार फक्त बाईच्या नावावर धरला जाणार नाही.

आठ मिळत नसतील, तर चार आठवडे पूर्ण पगारी आणि पुढचे चार घरून काम, असा पर्याय तयार ठेवा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा हा हक्कच आहे; तो सवलत म्हणून देऊ केला, तर वाढीव आठवड्यांच्या बदल्यात घेऊ नका.