जुनी आलिशान गाडी ठेवायची की विकायची: ठरवण्याआधीची तयारी

गेल्या जुलैत पातलीपाड्याजवळ आमची गाडी बंद पडली. मागे घोडबंदर रोडभर हॉर्न, वरून पाऊस, आणि डॅशबोर्डवर एकदम पेटलेले पाच दिवे. टोइंगवाला यायला दीड तास लागला. तेवढ्यात मी ठरवून टाकलं होतं की हे धूड आता विकायचं. तिथूनच एका दलालाला फोन लावला. त्याने गाडी न बघता जो आकडा सांगितला, त्याला मी हो म्हणायच्या बेतात होते. बाबा शेजारच्या सीटवर गप्प बसून होते. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं वर्कशॉप चालवल्यावर २०१२ साली त्यांनी ही जर्मन सेडान घेतली होती.

चार दिवसांनी कळलं की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही ठणठणीत आहेत. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी खाली नेणारी नळी पानांच्या चोथ्याने तुंबली होती. पाणी आत झिरपून पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरलं आणि तिथल्या वायरिंगच्या एका कनेक्टरला गंज चढला. दुरुस्तीचा खर्च दलालाने पाडून मागितलेल्या भावाच्या जवळपासही नव्हता. म्हणून ही यादी लिहून काढते आहे. ठेवायची की विकायची हे गाडी धडधाकट असताना ठरवावं, शक्यतो पावसाळ्याच्या आत. टोइंगच्या गाडीमागे उभं राहून ठरवू नये.

पहिली तयारी साधी आहे. एक छोटी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका आणि महिनाभर प्रत्येक फेरी लिहा: कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत कोण होतं. आमच्या वहीत महिन्याला अकरा फेऱ्या निघाल्या. त्यातल्या सात पाच किलोमीटरच्या आतल्या: नौपाडा, तलावपाळी, दवाखाना, गडकरी रंगायतन. म्हणजे महामार्गासाठी बनवलेली जड डिझेल गाडी आम्ही रिक्षासारखी वापरत होतो, आणि डिझेल इंजिनाला अशा तुटक, न तापणाऱ्या फेऱ्या मानवत नाहीत. एका लांब फेरीने मात्र दुसरी बाजू दाखवली. पुण्याला जाऊन आल्यावर आईची कंबर दुखली नाही, आणि भावाच्या नव्या छोट्या गाडीतून गेल्यावर ती दुखते. वहीत हेही लिहा. घरातल्या वयस्कर माणसांना खाली वाकून बसायला आणि उठायला किती त्रास होतो तेही बघा. सेडानची सीट खाली असते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दाराचा आधार लागतो, हे मला वही लिहायला लागेपर्यंत नीट दिसलंच नव्हतं.

मग आरसी काढा आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत गाडी नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं आणि मुदत पाच वर्षांनी वाढते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या गाडीला ४०,००० लागतात. गाडी २० वर्षांच्या पुढे गेली की ऑगस्ट २०२५ पासून हेच आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. इथे बरेच जण दचकतात, कारण परदेशी नाव म्हणजे आयात गाडी असं त्यांना वाटतं. मर्सिडीजच्या पुष्कळ गाड्या चाकणला जोडल्या जातात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरला, बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळ. तुमची कोणत्या प्रकारात मोडते ते कागदांवरून आणि ऑनलाइन नोंदीवरून आधीच तपासा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

‘दहा वर्षं झाली, आता डिझेल गाडी बंद होणार’ असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणी ना कोणी सांगतंच. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचं ते बंधन हरित न्यायाधिकरणाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून दिल्ली-एनसीआरपुरतं आलं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत केवळ त्या वयामुळे गाडी रस्त्यावरून काढावी लागत नाही. त्या भीतीपोटी विकू नका.

आता बिलं. शेवटच्या तीन वर्षांची सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर पसरा आणि दोन ढीग करा. एकात वापराचा खर्च टाका: ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी. हा कुठल्याही गाडीला लागतोच. दुसऱ्यात वयाचा खर्च: कडक झालेलं रबर, गळणारे सील, तडकलेले प्लास्टिकचे जोड, सस्पेंशनचे बुश (जोडांतले रबराचे तुकडे), सेन्सर. आमच्या दुसऱ्या ढिगात पहिल्या वर्षी दोन बिलं होती, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी सात. मला रकमेपेक्षा ही चढण जास्त बोलकी वाटली. एखादं मोठं बिल एकदाच येऊन जातं. छोटी बिलं दाट व्हायला लागली की गाडीची रबरं आणि प्लास्टिकं एकदमच म्हातारी होत आहेत असं समजावं.

तपासणीवर कंजुषी करू नका. विकणाऱ्याशी किंवा घेणाऱ्याशी संबंध नसलेला, त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक शोधा. वागळे इस्टेट आणि तुर्भे या दोन्ही पट्ट्यांत अशी गॅरेजं सापडतात. गाडी आदल्या रात्रीच तिथे ठेवा, म्हणजे सकाळी थंड इंजिन त्याच्या कानासमोर सुरू होईल. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन सैल झाली असेल तर तिची खडखड पहिल्या काही सेकंदांत ऐकू येते आणि नंतर दबते. काही जर्मन डिझेल इंजिनांत ही चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे ती बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेनच्या किमतीपेक्षा मजुरी मोठी पडते ती म्हणून. गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ हे उत्तर मी आता मान्य करत नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला बसणारा बारीक झटका आम्ही वर्षभर प्रेमापोटी दुर्लक्षित केला. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर तो गेला, पण आणखी वर्षभर थांबलो असतो तर गेला असताच असं मेकॅनिकने छातीवर हात ठेवून सांगितलं नाही.

एअर सस्पेंशन असेल, म्हणजे गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली असेल, तर ही चाचणी घरीच होते. रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडी सुरू न करता, दारही न उघडता पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर तिथली हवेची पिशवी किंवा जोड गळतो आहे. ही गळती तशीच सोडली की ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो, म्हणजे एका दुरुस्तीच्या दोन होतात. गायमुखच्या चढावर आणि मेट्रोच्या कामाने उखडलेल्या पट्ट्यांवर रोज चालणाऱ्या गाडीचे कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बुश तर हमखास बघा. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय ते कळत नाहीत.

सनरूफ उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अर्धा अर्धा कप पाणी ओता. ते खाली चाकाजवळ पडलं पाहिजे. पडलं नाही तर नळी तुंबली आहे. कार्पेटखाली हात घालून ओल बघा. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सचे काही डबे सीटखाली किंवा डिकीत खोल बसवलेले असतात, आणि पाणी नेमकं तिथे साचतं. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा. स्टिल्ट पार्किंगमध्ये पावसाळ्यात ते ऊब शोधत येतात. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर मी भरवशाचं मानत नाही. पेट्रोल गाडी असेल तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्या प्रमाणासाठी बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या नळ्या आणि सील तेवढे तपासून घ्या.

मेकॅनिककडून इस्टिमेट लेखी घ्या आणि सुरक्षिततेसाठी लगेच काय करावं लागेल, वर्षभरात काय, आणि नुसत्या सोयीसाठी काय, हे त्याच्याकडूनच वेगळं लिहून घ्या. पहिल्या दोन रकमांत विमा, पुनर्नोंदणी आणि पार्किंग मिळवलं की गाडी ठेवण्याचा एका वर्षाचा खर्च हातात येतो. हा आकडा गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघू नका. सगळे तेच करतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. जुन्या आलिशान गाडीची किंमत आधीच एवढी कोसळलेली असते की साधी दुरुस्तीसुद्धा तिच्यापुढे अवाढव्य दिसते. ताडायचं ते पर्यायाशी: तिच्या जागी जी गाडी घ्याल तिचे वर्षाचे हप्ते, विमा, आणि पहिल्या तीन वर्षांत तिची पडणारी किंमत. आणि वहीने सांगितलं असेल की गाडी मुळात फारशी लागतच नाही, तर रिक्षा, टॅक्सी आणि लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी यांच्या खर्चाशी.

विम्याकडे एकदा बारकाईने बघा. पाच वर्षांनंतर गाडीची विमा-किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून आलेला आकडा निमूट मान्य करू नका. पाण्याने इंजिन खराब झालं तर भरपाई देणारं वेगळं कव्हर या वयाच्या गाडीला मिळतं का ते विचारा. २६ जुलै २००५ पाहिलेल्या कुणालाही इथे त्याचं कारण सांगावं लागणार नाही. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लावता येतो.

करांचं थोडक्यात: स्वतःच्या वापराची, स्वतःच्या नावावरची गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि जीएसटीही नाही. गाडी धंद्याच्या नावावर असेल तर आधी सीएला विचारा.

हे सगळं जमल्यावर घरच्यांना एकत्र बसवा आणि एक मर्यादा कागदावर लिहा. आमच्या कागदावर असं आहे: २०२७ च्या पासिंगपर्यंत गाडी ठेवायची. तोवर गिअरबॉक्स उघडावा लागला, किंवा वर्षाचा वयाचा खर्च आम्ही ठरवलेल्या रकमेच्या वर गेला, तर दुरुस्त न करता आहे तशी, दोष सांगून विकायची. छोट्या फेऱ्या आता रिक्षाने. दर पंधरवड्याला एकदा तिला पाम बीच रोडवरून बेलापूरपर्यंत नेऊन आणायची, म्हणजे इंजिन नीट तापतं. बाबांनी कागद दोनदा वाचला, रकमेच्या जागी माझ्यापेक्षा कमी आकडा घातला आणि सही केली. मला वाटलं होतं ते जास्त घालतील.

विकायचं ठरलंच तर कागद आधी तयार ठेवा. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव राहिलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. थकलेले ई-चलान भरून टाका. पीयूसी चालू असू द्या. दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसची फाइल एकत्र ठेवा, भाव ठरवताना तीच कामाला येते. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरताना तारीख कोरी सोडू नका. ‘सह्या करून द्या, नावावर नंतर करतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते, गाडी चार हात फिरलेली असली तरी. अधिकृत परवान्याच्या विक्रेत्याकडे सोपवत असाल तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी ची ऑनलाइन सूचना आपल्यासमोर भरून घ्या.

द्यायच्या दिवशी गाडीच्या स्क्रीनमधून फोनची जोडणी, घरचा पत्ता आणि संपर्क पुसा, डॅशकॅमचं कार्ड काढा, फास्टॅग बंद करा. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्यावरच चावी द्या. आरसीच्या आणि घेणाऱ्याच्या आधारच्या प्रतींसोबत मीटरच्या आकड्याचा फोटो ठेवा, आणि ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, अगदी मिनिटासकट. तुमच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून ती पुढच्या सिग्नलच्या कॅमेऱ्यात सापडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि नाव बदलेपर्यंत चलान तुमच्याच फोनवर येणार.