व्हिएन्नाला बर्फावर बोलायला जाताना: पहिल्या परिषदेची तयारी

हिमनदी किंवा आइस कोअर, म्हणजे खोल बर्फात छिद्र पाडून काढलेली बर्फाची लांब कांडी, हा विषय घेऊन पीएचडी करणाऱ्याची एक अडचण असते. त्याने काढलेल्या आकड्यावर त्याच्याशी नीट भांडू शकेल असं माणूस विभागात नसतं, बऱ्याचदा शहरातही नसतं. परिषदेला जायचं ते अशा भांडणासाठी. म्हणून तिकिटाचे दर बघण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: मी कुठे अडलोय, आणि ते कोणाला ठाऊक असेल? तीन प्रश्न आणि तीन नावं झाली तरी पुष्कळ. हा कागद पुढे सगळीकडे लागणार आहे.

कोणती परिषद निवडायची

मोठ्या दोन. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची, सभा वसंतात व्हिएन्नाला भरते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची, एजीयूची, डिसेंबरात अमेरिकेत. २०२४ साली व्हिएन्नात १८ हजारांहून जास्त माणसं प्रत्यक्ष आली होती. अर्थात त्यातले बर्फवाले थोडेच. बाकी भूकंप, माती, ढग, मंगळ असं सगळं.

छोट्या परिषदांची मजा वेगळी. आइस कोअरवाल्यांची आंतरराष्ट्रीय भागीदारी आहे, ‘आयपिक्स’. तिची पहिली खुली परिषद २०१२ मध्ये फ्रान्समधल्या गिएन्सला झाली, दुसरी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आणि तिसरी, कोविडमुळे लांबून, २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रां-मोंतानाला. इतक्या विरळ होणाऱ्या परिषदेची तारीख तुमच्या पीएचडीच्या काळात आली तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा. ज्यांचे पेपर तुम्ही वाचता ती बरीच माणसं तिथे एकाच जेवणघरात असतात. इंटरनॅशनल ग्लेशिऑलॉजिकल सोसायटीच्या परिषदाही आटोपशीर असतात आणि कधीकधी आपल्या दारात येतात: २०१५ च्या मार्चमध्ये त्यांनी काठमांडूला खास उंच आशियाई पर्वतांवरच्या हिमनद्यांसाठी परिषद घेतली होती. त्याच वर्षी जुलैत अंटार्क्टिकाच्या भूविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद गोव्यात झाली. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र असल्यामुळे तिकडच्या कार्यक्रमांवर नजर ठेवणं तर फुकटच आहे.

निवडताना मोसमही बघा. डिसेंबरात अंटार्क्टिकातला उन्हाळा ऐन भरात असतो, त्यामुळे एजीयूच्या वेळी तुमच्या कागदावरचा एखादा माणूस तंबूत बसलेला असू शकतो. एप्रिलमध्ये दक्षिणेकडचे परतलेले असतात आणि ग्रीनलंड किंवा हिमालयाकडे जाणारे बहुतेक अजून निघालेले नसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी व्हिएन्नाच सुचवेन. पुढचं सगळं तेच धरून लिहिलंय.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट

अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे जे सादर करायचं त्याचा छोटा सारांश. ईजीयूची अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते. प्रवासासाठी त्यांच्याकडूनच आर्थिक मदत हवी असेल तर मुदत त्याच्या बरीच आधी असते, आणि हे अनेकांना जानेवारीत कळतं. दिवाळी आटोपली की वेबसाइट उघडून तारखा लिहून ठेवा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरतानाच एक शुल्क पडतं, ते परत मिळत नाही. ते गाइडच्या प्रकल्पातून की आपल्या खिशातून, हे आधी बोलून घ्या.

आता सेशन. आइस कोअरचं काम हिमविज्ञानाच्या विभागात बसतं आणि प्राचीन हवामानाच्या विभागातही. नावाकडे पाहू नका. प्रत्येक सेशनचे कन्व्हीनर, म्हणजे संयोजक, कोण आहेत आणि गेल्या वर्षी तिथे काय सादर झालं, ते पाहा. कागदावरची नावं जिथे जास्त दिसतील तिथे अर्ज करा.

मजकुरात निष्कर्ष हवा, आणि तो आकड्यासकट. ‘हिमनदीच्या वस्तुमान-संतुलनाचा अभ्यास केला आहे’ हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. (वस्तुमान-संतुलन म्हणजे हिमनदीत किती बर्फ जमला आणि किती गेला, याचा हिशेब.) किती वर्षांत, दर वर्षी किती मीटर पाण्याइतकी घट, आणि त्यात चूक किती असू शकते, हे लिहा. हिमाचलातल्या लाहौलच्या चंद्रा खोऱ्यातली छोटा शिग्री हिमनदी २००२ पासून मोजली जातेय. तुमची हिमनदी त्या भागातली असेल तर तिच्याशी तुलना कुठेय, हा प्रश्न येणारच. तो अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येच संपवा.

भाषण की पोस्टर, असा पर्याय विचारला तर पोस्टर मागा, म्हणजे फलकावर काम लावून त्यापाशी उभं राहून बोलायचं. भाषणाला मोजून काही मिनिटं मिळतात, एखादा प्रश्न येतो आणि पुढचा वक्ता उभा राहतो. पोस्टरपाशी तोच प्रश्न अर्धा तास चालतो. ‘पिको’ नावाचा तिसरा प्रकार आहे: मंचावर दोन मिनिटं बोलायचं, मग टचस्क्रीनपाशी उभं राहून चर्चा. धीट माणसाला तो छान जमतो.

पैसे आणि व्हिसा

इथे वेळ सर्वांत जास्त जातो. आपल्याकडे पूर्वीच्या सर्ब (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) आणि आताच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची परदेशी परिषदांसाठीची प्रवास-मदत, विद्यापीठाचा निधी, गाइडचा प्रकल्प असे मार्ग आहेत. सगळीकडे एकदमच अर्ज करा आणि प्रत्येक अर्जात बाकीच्यांचा उल्लेख करा. सरकारी पैशातून विमानाचं तिकीट काढायचं असेल तर ते ठरावीक अधिकृत एजन्सींमार्फतच काढावं लागतं. स्वस्त दिसलं म्हणून स्वतः काढून मोकळं होण्याआधी अकाउंट्समध्ये विचारा.

व्हिएन्नासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आयोजकांकडून व्हिसासाठीचं पत्र, किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा, राहण्याचं बुकिंग आणि संस्थेचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. एप्रिलच्या सुमारास युरोपच्या सहलींना जाणारे पर्यटकही त्याच रांगेत असतात, त्यामुळे अपॉइंटमेंट लवकर धरा. सामानात तुपाची बरणी नको; दूध-दुभत्याचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

पोस्टर

व्हिएन्नातला फलक आडवा असतो, १९७ सेंटिमीटर रुंद आणि १०० उंच. आपल्याकडे उभं पोस्टर करायची सवय आहे, आणि उभं ए-झिरो आकाराचं पोस्टर त्या फलकावर मावत नाही. आडवं करा. कापडावर छापलं तर घडी करून बॅगेत जातं, नळकांडं सांभाळत फिरावं लागत नाही.

मध्यभागी एकच मोठी आकृती. दोन पावलांवरून वाचता येणार नाही तो मजकूर काढून टाका. संस्थांच्या बोधचिन्हांची रांग खाली, लहान.

मग अवघड प्रश्नांची तयारी. आइस कोअर असेल तर पहिला प्रश्न कालनिर्णयाचा: थर मोजले का, तांबोराच्या १८१५ च्या उद्रेकासारखी ज्वालामुखीची खूण सापडली का, अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उमटलेला किरणोत्सर्गी थर दिसतो का? हिमालय-तिबेटात हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे. नैऋत्य तिबेटातल्या नैमोनानी हिमनदीत २००६ मध्ये काढलेल्या कोअरमध्ये तो थर सापडलाच नाही. ६ हजार मीटरच्या वरचा बर्फही वितळून गेला होता आणि त्याबरोबर अलीकडची दशकंही. संशोधकांनी २००८ मध्ये नेमकं तेच छापलं. तुमच्याही कोअरमध्ये एखादी खूण हरवलेली असेल तर लपवू नका, पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहा. गर्दी तिथेच होईल.

वायूंवर काम करत असाल तर बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते, हे एका मिनिटात सांगायचा सराव करा. हिम दाबून घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि ते साठ ते शंभर मीटर खोल जाऊन पुरतं बंद होईपर्यंत वरची हवा आत झिरपत राहते. तुमचा कोअर जिथला, तिथे हा फरक किती वर्षांचा, तो आकडा तोंडपाठ हवा. भूकंपवालाही येऊन हेच विचारतो.

प्रत्यक्ष आठवडा

जायच्या दोन आठवडे आधी कागदावरच्या तिघांना चार ओळींची ईमेल करा: मी कोण, माझा प्रश्न काय, माझं पोस्टर कधी आणि कुठे. लांबलचक आदरपूर्वक मजकूर नको. तिकडे ज्येष्ठांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात. ‘सर’ म्हणालात तरी कोणी रागावत नाही, पण गप्पांना थोडा ताठरपणा येतो. तिघांपैकी एकाचं उत्तर आलं तरी सहल वसूल.

सभा ऑस्ट्रिया सेंटरमध्ये भरते. यू-वन मेट्रोने कायझरम्यूलेनला उतरा. रोज दोनच सेशन्स पूर्ण ऐका, उरलेला वेळ पोस्टरच्या दालनात घाला. सगळं ऐकायला जाणारा तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावर झोपलेला सापडतो. स्वतःच्या पोस्टरच्या वेळी मात्र जागा सोडू नका. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाच्या स्पर्धेत नाव दिलं असेल तर परीक्षक ओळख न देता येतात. दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यावर काट मारलेली खूण नाही ना, ते बघा.

छोट्या परिषदेला गेलात आणि मध्ये एक दिवस हिमनदीवरची सहल असेल तर ती चुकवू नका. परंपरा जुनी आहे. १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी जीवाश्म माशांवर बोलेल अशा अपेक्षेने स्विस निसर्गशास्त्रज्ञ जमले होते, आणि हा गृहस्थ एके काळी बर्फाने झाकलेल्या युरोपाबद्दल बोलू लागला. मंडळी वैतागली. मग त्यांना जुरा पर्वतात नेऊन बर्फाने घासलेले खडक दाखवावे लागले, तरी सगळ्यांना पटलं नाहीच.

परतल्यावर

आठवड्याच्या आत ज्यांच्याशी बोललात त्यांना लिहा, आणि कबूल केलेली आकृती किंवा डेटा त्याच ईमेलला जोडा. पोस्टरची पीडीएफ अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या पानावर चढवता येते, तीही चढवा. बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, हजेरीचं प्रमाणपत्र आणि हॉटेलचं बिल एका पाकिटात ठेवून लगेच अकाउंट्समध्ये द्या. बोर्डिंग पासशिवाय बहुतेक ठिकाणी परतावा अडतो, आणि थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.